मोबाईल आपल्या गावात कसा पोचला? (परिसर अभ्यास : संदेशवहन)



संदेशवहनाचा भाग शिकवताना आपण कबुतर, पोस्टमन, तार, टेलिफोन अशी गाडी पळवत आणतो आणि मोबाईलपाशी आलो की 'हे तर तुम्हाला माहीतच आहे' म्हणून सोडून देतो. खरं तर मुलांना मोबाईल चालवता येतो, पण तो आपल्या गावात कसा आला हे ठाऊक नसतं. त्यासाठी ही थोडी जोडमाहिती.

१९९१ च्या सुमारास अख्ख्या देशात टेलिफोन होते साधारण पन्नास लाख. फोनसाठी अर्ज केला की वर्षानुवर्षे नंबर लागत नसे. गावातल्या माणसाचा आधार म्हणजे एसटीडी बूथ. रात्री दर कमी, म्हणून जेवणं झाल्यावर तिथे रांग लागायची. मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाशी बोलताना आईचं अर्धं लक्ष समोरच्या मीटरच्या लाल आकड्यांकडे असायचं.

१९९४ च्या दूरसंचार धोरणानं हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. देशातला हा पहिला मोबाईल कॉल. तेव्हा एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे! म्हणजे कुणी आपली नुसती चौकशी केली तरी खर्च आपला. मुलांना हे सांगितलं की हसतात.

मग तो स्वस्त कसा झाला? बऱ्याच जणांना वाटतं की तंत्रज्ञान सुधारलं म्हणून. ते आहेच, पण नियम बदलले हे जास्त महत्त्वाचं. सुरुवातीला कंपन्यांना ठरलेलं भलंमोठं परवाना शुल्क भरावं लागे, गिऱ्हाईक मिळो न मिळो. १९९९ च्या नव्या धोरणानं ते बदलून 'जेवढी कमाई, त्यातला हिस्सा द्या' असं केलं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर खंडानं शेत घेणं आणि वाट्यानं करणं यातला हा फरक. पीक बुडालं तरी खंड द्यावाच लागतो, वाट्यात तसं नसतं. पुढे २००२ च्या ऑक्टोबरात बीएसएनएलची मोबाईल सेवा आली, मे २००३ पासून इनकमिंग मोफत झालं, आणि २००४ मध्ये देशातल्या मोबाईलची संख्या लँडलाईनच्या पुढे गेली. 'मिस्ड कॉल' ही आपल्या लोकांची शोधबुद्धी याच काळातली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन लाव. याला मी संदेशवहनाचंच साधन म्हणेन, पुस्तकात नसलं तरी.

आता चंदगडची गोष्ट. दूरसंचारासाठी देशाचे जे विभाग पाडले, त्यांना 'सर्कल' म्हणतात. मुंबईचं सर्कल वेगळं, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एक. म्हणजे गोव्यात कामाला गेलेला मुलगा कागदावर आपल्याच सर्कलमध्ये, आणि रोजचा बाजार असलेलं बेळगाव मात्र परक्या सर्कलमध्ये! आपल्या तालुक्याला बेळगाव कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ. दवाखाना, कापड, लग्नाचा बस्ता सगळं तिकडे. शिनोळीच्या पुढे गेलं की फोनवर 'रोमिंग' उमटायचं आणि आलेल्या फोनचेही पैसे कापले जायचे. सीमेलगतच्या गावात तर घरात बसूनही फोन कर्नाटकातला टॉवर पकडतो, कारण लहरींना सीमा कळत नाही. जून २०१५ मध्ये बीएसएनएलनं रोमिंगमधलं इनकमिंग मोफत केलं, आणि २०१७ पर्यंत खाजगी कंपन्यांनीही देशातलं रोमिंग शुल्क काढलं. भूगोलात सीमा शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेटचा भाव कोसळला. आधी महिनाभर पुरवून वापरायचा एक जीबी आता एका दिवसात संपतो. पण भावाच्या लढाईत कंपन्याही गळाल्या. काही बंद पडल्या, काही विकल्या गेल्या, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. आज मोठ्या खाजगी कंपन्या तीन आणि सरकारी बीएसएनएल. दुकानं कमी झाली की भाव वाढतो, हे आठवडी बाजारात जाणाऱ्या पोरालाही कळतं. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी आगेमागे दर वाढवले.

पालक नेहमी विचारतात, 'गुरुजी, स्वस्त झालं म्हणता, मग आमच्या वाडीवर रेंज का नाही?' उत्तर सोपं आहे. टॉवर उभा करायचा खर्च डोंगरात आणि शहरात फारसा वेगळा नाही, उलट डोंगरात वीज, रस्ता, पावसाळा यामुळे जास्तच. पण त्याखाली गिऱ्हाईक किती? शहरात हजारो, वाडीवर चाळीस घरं. शिवाय लहरींना डोंगराची आडकाठी होते, म्हणून टेकडीच्या अलीकडे फुल्ल रेंज आणि पलीकडे शून्य. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाईन शाळेसाठी मुलं माळावर, झाडाखाली जाऊन बसायची ती यामुळेच. अशा गावांसाठी कंपन्यांच्या महसुलातला काही हिस्सा सरकारी निधीत जमा होतो. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं देशातल्या २४,६८० गावांत फोर-जी पोचवण्याची योजना मंजूर केली. ग्रामसभेत विचारायचं असेल तर 'टॉवर कधी?' एवढंच न विचारता 'त्या यादीत आपली वाडी आहे का?' हे विचारा.

एक गोष्ट मला खटकते. इनकमिंग मोफत म्हणतो खरं, पण २०१८ च्या अखेरीपासून ठराविक रिचार्ज मारला नाही तर काही दिवसांनी आलेले फोनही बंद होऊ लागले. साधा बटणाचा फोन ठेवून पुण्याच्या लेकाच्या फोनची वाट बघणाऱ्या आजीनं इंटरनेटचे पैसे का भरायचे? ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. दुकानदार ते आपणहून सांगेलच असं नाही, मागून घ्यावे लागतात.

वर्गासाठी एक गणित देतो. २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात किती वेळा मारावा लागेल? ३६५ भागिले २८, म्हणजे तेरा. महिने बारा, रिचार्ज तेरा! २०२२ मध्ये ट्रायनं प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा पॅक ठेवायला सांगितलं ते यासाठीच. मुलांना घरच्या फोनचा पॅक किती दिवसांचा आहे, त्यात काय काय मिळतं आणि त्यातलं घरात खरंच काय वापरलं जातं हे लिहून आणायला सांगा.