पातळ पट्टी कापताना दाब हाताचा नको, फणीचा द्या



कापसाची वेचणी संपली, तूर घरात आली, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरदुरुस्तीची कामे निघतात. खिडकीला, चाळणीच्या चौकटीला, कोंबड्यांच्या खुराड्याला सागाच्या पातळ पट्ट्या लागतात. टेबलावरच्या गोल करवतीवर, म्हणजे कटर मशीनवर, त्या झटकन निघतात. पण बोटही तितक्याच झटकन जाते.

जाड फळी आपल्या वजनाने टेबलावर बसून राहते. पातळ पट्टीचे तसे नाही. चकतीचे अलीकडचे, तुमच्या बाजूचे दात लाकूड खाली दाबतात, पण पलीकडचे दात वर येत असतात. पट्टी जरा थरथरली की ते तिला उचलून तुमच्याच अंगावर फेकतात. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या १० इंची चकतीच्या दातांचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास असतो. हात मागे घ्यायला सवड कुठली? म्हणून पट्टी लाकडानेच दाबावी.

दाबफणी अशी करा : पाऊण इंच जाड, चार इंच रुंद अशी सुकी, सरळ धाग्याची फळी घ्या. तिचे टोक तिरपे कापा. त्या टोकापासून दर दोन सुतांवर तीन-तीन इंच लांब चिरा हातकरवतीने पाडा. फणीसारखे लवचिक दात तयार होतात.

वापर असा करा :

१) मशीन बंद ठेवून गाइडला उंच फळी जोडा आणि तिच्यावर फणी शिकंज्याने आवळा. दात पट्टीवर टेकलेले आणि पट्टी जाते त्या दिशेला झुकलेले हवेत. एक फणी चकतीच्या अलीकडे, एक पलीकडे लावा. पट्टी पुढे सरकावी, मागे ओढली तर अडावी.

२) बाजूने दाब द्यायचा तर तो फक्त चकतीच्या अलीकडे द्या. चकतीशेजारी दिला, तर चीर मिटून चकती आवळली जाते.

३) चकती पट्टीच्या वर एक-दोन सूतच ठेवा.

४) शेवटचा वीतभर भाग त्याच जाडीच्या दुसऱ्या अरुंद पट्टीने ढकला. पलीकडून कोणालाही ओढू देऊ नका.

५) चकतीच्या रेषेत उभे राहू नका, एका बाजूला राहा. चष्मा लावा. दुपट्टा, सैल बाह्या, हातमोजे नकोत.

६) वीज गेली तर आधी बटण बंद करा. नाहीतर वीज येताच चकती आपोआप फिरू लागेल.

७) तुकडा अडकला तर चकती पूर्ण थांबल्यावरच काढा.

फणी करायला अर्धा तास लागतो, आणि ती वर्षानुवर्षे टिकते. पुढच्या हंगामात कापूस वेचायला दहाही बोटे लागणार आहेत, हे ध्यानात ठेवा.