स्वतंत्र सूर, भाग ६ : पाचशे पौंडांची तबकडी

मागच्या आठवड्यात आपण डिसेंबर १९७६ पर्यंत आलो होतो. सेक्स पिस्टल्स या पंक बँडने दूरचित्रवाणीवर थेट कार्यक्रमात शिव्या दिल्या, वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर काहूर उठवलं, गावोगावच्या सभागृहांनी त्यांचे कार्यक्रम रद्द केले आणि जानेवारीत इएमआयने त्यांचा करार संपवला. ही इएमआय आपल्याला परकी नाही. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेल्या एचएमव्हीच्या तबकड्या ज्या ग्रामोफोन कंपनीने आपल्या घराघरांत पोचवल्या, ती त्या काळी याच इएमआयच्या छत्राखाली होती. रेकॉर्ड काढायची तर अशा एखाद्या बड्या कंपनीचं दार उघडलं पाहिजे, हे इंग्लंडमधले पंकवाले देखील गृहीत धरून होते. त्याच जानेवारीत मँचेस्टरच्या चौघांनी त्या दाराकडे न जाता रेकॉर्ड काढून दाखवली. त्या बँडचं नाव बझकॉक्स.

हॉवर्ड ट्रॅफर्ड आणि पीटर मॅकनीश हे बोल्टनच्या तंत्रशिक्षण संस्थेतले विद्यार्थी. फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकात त्यांनी सेक्स पिस्टल्सच्या एका कार्यक्रमाचं परीक्षण वाचलं आणि तो बँड प्रत्यक्ष ऐकायला थेट दक्षिणेकडे गेले. परतले ते ठरवूनच, की यांना आपल्या गावात आणायचं आणि आपलाही बँड काढायचा. एकाने हॉवर्ड डिव्होटो असं नाव घेतलं, दुसऱ्याने पीट शेली.

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये त्यांनी पिस्टल्सचा कार्यक्रम लावला. आधी स्वतः वाजवायचा बेत होता, पण बँड जमला नव्हता. प्रेक्षक फार थोडे आले, जेमतेम काही डझन. त्या थोड्यांत पुढे जॉय डिव्हिजन काढणारे पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते, पुढे द स्मिथ्समध्ये गाणारा मॉरिसी होता. स्टीव्ह डिगल हा तरुणही त्याच संध्याकाळी तिथे शेली-डिव्होटोंना भेटला आणि बझकॉक्सचा बासवादक झाला. ड्रमर जॉन मार जाहिरातीतून सापडला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. २० जुलैला पिस्टल्स त्याच सभागृहात पुन्हा आले, तेव्हा त्यांच्याआधी बझकॉक्स वाजवत होते. म्हणजे अवघ्या सहा-सात आठवड्यांत कार्यक्रम भरवणारी माणसं मंचावर चढली होती.

हे लंडनमध्ये घडलं नाही, याचं मला फार महत्त्व वाटतं. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं शहर. एकोणिसाव्या शतकात आपल्या वऱ्हाडातला कापूसही त्या गिरण्यांसाठी बोटीत चढत होता. १९७६ मध्ये बहुतेक गिरण्या बंद पडल्या होत्या. संगीत कंपन्यांची कार्यालयं लंडनला, वृत्तपत्रं लंडनला, स्टुडिओ बहुतांशी लंडनला. तिकडे जाऊन खोली भाड्याने घ्यायची आणि दारं ठोठावत बसायचं, हाच प्रांतातल्या बँडचा ठरलेला रस्ता. बझकॉक्स आपल्याच शहरात राहिले.

मित्र आणि घरच्यांकडून त्यांनी साधारण पाचशे पौंड उसने घेतले. शेलीच्या वडिलांनीही हातभार लावला. २८ डिसेंबर १९७६ रोजी मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत, मार्टिन हॅनेट या स्थानिक तरुणाच्या देखरेखीखाली, चार गाणी काही तासांत ध्वनिमुद्रित झाली. २९ जानेवारी १९७७ला ‘स्पायरल स्क्रॅच’ ही सात इंची तबकडी बाहेर पडली. लेबलचं नाव न्यू हॉर्मोन्स, आणि लेबल म्हणजे बँड आणि त्यांचे मॅनेजर रिचर्ड बून. वेष्टनावरचा फोटो बून यांनीच पोलरॉइड कॅमेऱ्याने काढला, पिकॅडिली गार्डन्समध्ये रॉबर्ट पील यांच्या पुतळ्यापाशी.

त्या वेष्टनावर आणखी एक गोष्ट छापली होती, आणि माझ्या मते या तबकडीचं मोठेपण तिच्यात आहे. प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या प्रयत्नात मुद्रित झालं आणि त्यावर नंतर काय चढवलं, हे लिहिलेलं होतं. चारपैकी तीन गाणी पहिल्याच प्रयत्नातली, त्यांवर फक्त एक गिटार जोडलेली. चौथं तिसऱ्या प्रयत्नातलं, त्यावर काहीही चढवलेलं नाही. स्टुडिओत काय चालतं याभोवती त्या काळी मोठं गूढ होतं. महिनोन् महिने मुद्रण, थरांवर थर, तंत्रज्ञांची फौज. इथे मात्र ऐकणाऱ्याच्या हातात सरळ हिशोब ठेवला होता. दुपार एक, माणसं चार आणि उसने पैसे. बोल्टनच्या खोलीत बसलेल्या मुलालाही ते वाचून कळत होतं, की हे आपल्यालाही करता येईल.

संगीतही त्याच स्वभावाचं होतं. ‘बोअरडम’ या गाण्यात गिटारची खास जागा येते, जिथे त्या काळचे रॉक गिटारवादक आपलं सगळं कौशल्य ओतत. शेली तिथे दोनच सूर घेतो आणि तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, लांबून येणाऱ्या सायरनसारखे. ऐकणारा अस्वस्थ होतो, गाण्याचा कंटाळा नेमका अंगात उतरतो. वाजवता येत नाही म्हणून घेतलेली ही पळवाट असं काहींना वाटलं. मला ती अत्यंत विचारपूर्वक केलेली रचना वाटते, कारण कंटाळ्याच्या गाण्यात बोटांची करामत दाखवणं हे गाण्याशीच खोटं वागणं झालं असतं.

पहिल्या खेपेला एक हजार प्रती निघाल्या. मँचेस्टरच्या व्हर्जिनच्या दुकानाने घेतल्या, लंडनच्या रफ ट्रेड दुकानाने टपालाने देशभर धाडल्या. हजार संपल्या, आणखी छापल्या, आणि एकूण विक्री सोळा हजारांवर गेली.

ब्रिटनमध्ये स्वतंत्र लेबलं याआधीही होती. चिझविक होतं, द डॅम्ड या बँडची ऑक्टोबर १९७६ मधली रेकॉर्ड काढणारं स्टिफ होतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या द सेंट्सनी तर स्वखर्चाने तबकडी काढून बझकॉक्सना काही महिन्यांनी मागे टाकलं होतं. पण चिझविक आणि स्टिफ ही संगीत-व्यवसायात मुरलेल्या माणसांची लेबलं. ब्रिटनमधल्या पंक बँडने स्वतःच लेबल होऊन तबकडी काढावी, हे ‘स्पायरल स्क्रॅच’पासून सुरू झालं. पुढच्या दोन वर्षांत डेस्परेट बायसिकल्ससारख्या बँडनी तोच मार्ग धरला. स्क्रिटी पॉलिटीने तर १९७८ मध्ये रेकॉर्डच्या वेष्टनावर सगळा उत्पादनखर्चच छापला. इंडी म्हणून पुढे जो प्रवाह ओळखला गेला, त्याचं हे उगमस्थान.

तबकडी निघाल्यावर काही आठवड्यांतच डिव्होटो बँड सोडून गेला. पुढे त्याने मॅगझीन हा बँड काढला. गायक गेल्यावर बँड मोडतो, पण इथे शेली स्वतः गाऊ लागला आणि डिगल बास सोडून गिटारवर आला. १६ ऑगस्ट १९७७ला, एल्विस प्रेस्ली वारला त्याच दिवशी, बझकॉक्सनी युनायटेड आर्टिस्ट्स या मोठ्या कंपनीशी करार केला. याला शरणागती म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. स्वतःच्या बळावर रेकॉर्ड विकून दाखवलेला बँड कंपनीसमोर याचक म्हणून बसत नाही. संगीताचा अंतिम निर्णय त्यांनी आपल्याकडेच ठेवून घेतला.

शेलीची प्रेमगीतं हे या दुसऱ्या टप्प्याचं खरं धन. ज्याच्यावर प्रेम आहे तो पुरुष की स्त्री, हे तो गाण्यात जाणूनबुजून उघड करत नसे. तो स्वतः उभयलिंगी आकर्षण असलेला होता आणि गाणं कुणालाही आपलं वाटावं अशी त्याची इच्छा होती. पंकचा राग सरकारवर, राणीवर, कंपन्यांवर तुटून पडत असताना या माणसाने तोच वेग, तीच धार एकतर्फी प्रेमाच्या लाजेला दिली. १९७८ मध्ये ‘एव्हर फॉलन इन लव्ह’ ब्रिटिश विक्रीयादीत बाराव्या क्रमांकावर गेलं. १९८१ मध्ये बँड फुटला, १९८९ मध्ये पुन्हा जमला, आणि ६ डिसेंबर २०१८ रोजी एस्टोनियातल्या टॅलिनमध्ये शेली गेला.

मधल्या काळात, १९७९ साली, ‘स्पायरल स्क्रॅच’ पुन्हा छापली गेली आणि मुख्य यादीत एकतिसाव्या क्रमांकापर्यंत पोचली. जानेवारी १९८० पासून स्वतंत्र लेबलांसाठी वेगळी विक्रीयादी निघू लागली, इतकी ती लेबलं तोवर वाढली होती. त्यांतलं एक मँचेस्टरमध्येच उभं राहिलं होतं. फॅक्टरी रेकॉर्ड्स आणि त्या लेबलवर जॉय डिव्हिजनचा आवाज घडवणारा मार्टिन हॅनेट, पुढच्या भागात.