सातबारा नसलेल्याचे दिवाळे

बाजाराच्या गावात एस. टी. स्टँडच्या मागे वेल्डिंगची दोन-चार दुकाने असतातच. पत्र्याची शेड, पुढे अर्धवट जोडलेली ट्रॉली, कडेला कल्टिव्हेटरचे फाळ, कुणाचे तरी राहून गेलेले गेट. एक दिवस त्यातल्या एकाचे शटर उघडत नाही. लोक म्हणतात, मिस्त्री गावाला गेले असतील. आठवड्याने लोखंडवाल्या शेठचा माणूस येऊन जातो. मग पतसंस्थेचा वसुलीवाला. मग बुलेटवरून आलेले दोघे जण, जे आपण कोण ते सांगत नाहीत. तेव्हा कुठे उलगडा होतो. मिस्त्री बायकामुलांना घेऊन रात्रीच्या गाडीने गेले. चाकणला की भोसरीला, कुणालाच ठाऊक नाही.

गाव कोणतेही घ्या, मिस्त्री कोणताही घ्या. वेल्डर असो, सुतार असो, मोटार वाइंडिंगवाला असो. हिशेब सारखाच निघतो.

मिस्त्रीचे गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. ट्रॉली आज हवी, कारण ऊसतोड तोंडावर आलेली. पैसे? "मिस्त्री, कारखान्याचं बिल निघालं की पहिलं तुमचं." कापूस-सोयाबीनच्या भागात "माल विकला की". पण अँगल, चॅनल, पत्रा, टायर यांना बिल निघेपर्यंत थांबता येत नाही. शेठ महिनाभर थांबतात, पुढच्या महिन्यात "मागचं निल करा, मग बोला" म्हणतात. वेल्डिंगच्या रॉडला आणि विजेच्या बिलाला तर तेवढाही दम नसतो.

बलुतेदारीच्या काळात सुतार-लोहाराला वर्षाचे धान्य खळ्यावर मिळे. त्या व्यवस्थेचे गोडवे गायचे कारण नाही, तिच्यातला जाच ज्यांनी भोगला त्यांनाच ठाऊक. पण एक गोष्ट होती. पीक बुडाले तर बलुते कमी येई, तरी लोहाराच्या डोक्यावर बाजाराचे देणे नसे. आता उधारी बलुत्यासारखीच हंगामाची राहिली आणि माल मात्र रोखीचा झाला. मधल्या सहा-आठ महिन्यांचे ओझे मिस्त्रीच्या खांद्यावर. ते पेलायला तो आधी पतसंस्थेत जातो, मग बायकोच्या बचत गटातून उचलतो, मग मायक्रोफायनान्सचा हप्ता लावून घेतो आणि शेवटी शेकडा पाचने हातउसने आणतो. शेकडा पाच म्हणजे महिन्याला. वर्षाला शेकडा साठ झाले, हे तो कधी मोठ्याने म्हणत नाही.

मग एखादे वर्ष असे येते की सगळेच एकदम अंगावर पडते. २०१५-१६ चा मराठवाड्यातला दुष्काळ आठवा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे ट्रॉली कोण बांधणार? त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ती उठते न उठते तोच लोखंडाचे भाव चढले. जुन्या भावात ठरवलेली कामे नव्या भावाच्या मालात पुरी करताना कितीतरी मिस्त्री खड्ड्यात गेले.

शेतकऱ्याला माफी मिळाली, आणि मिळायलाच हवी होती. २००८ ला केंद्राची आली, २०१७ ला आणि पुन्हा २०१९ ला राज्याची. पण या माफ्या शेतीकर्जाच्या. मिस्त्रीच्या नावावर सातबारा नाही, पीककर्ज नाही, म्हणून यादीत नाव नाही. कुणाकुणाचे बँकेचे खाते निल झाले, पण मिस्त्रीच्या वहीतली त्याच शेतकऱ्याची बाकी तशीच राहिली. आकडेही बोलके आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२० च्या अहवालात शेतीक्षेत्रातल्या १०,६७७ आत्महत्या नोंदल्या आहेत आणि व्यवसाय करणाऱ्यांच्या ११,७१६. त्या सगळ्या कर्जापायी होत्या असे नव्हे. पण पहिल्या आकड्यावर सभागृहे गाजली, दुसऱ्याची गावात वाच्यताही झाली नाही.

नादारीचा कायदा

मिस्त्रीला कायद्याचा आधार अजिबात नाही असे मात्र नाही. प्रांतिक नादारी कायदा १९२० सालचा. मुंबई शहराला वेगळा कायदा आहे, बाकी जिल्ह्यांना हाच. (नादारी म्हटले की जुन्या वाचकांना शाळेतली फीमाफी आठवेल. शब्द तोच, फक्त इथे फी नव्हे, सगळे देणेच आले.) २०१६ साली दिवाळखोरीची नवी संहिता झाली. वर्षाला साठ हजारांपर्यंत कमाई आणि पस्तीस हजारांपर्यंत कर्ज असलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या माणसाला नव्याने सुरुवात करता यावी, अशीही तरतूद तिच्यात आहे. पण व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. मिस्त्रीपर्यंत तो पोचलेलाच नाही. त्याला शंभर वर्षांपूर्वीचाच कायदा.

त्या कायद्यात पाचशे रुपयांपासून पुढे कितीही देणे असलेला माणूस जिल्हा न्यायालयात, किंवा अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयात, स्वतः अर्ज करू शकतो. न्यायालयाने नादार ठरवले की त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि तीतून देणेकऱ्यांना वाटा मिळतो. मग सुट्या सावकाराला न्यायालयाच्या परवानगीवाचून दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षण मागता येते. तारण घेतलेली बँक मात्र या सगळ्याबाहेर असते, तिचे तारण तिचेच.

आणि "तुरुंगात टाकू" ही धमकी? १९८० सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की निव्वळ देणे जमत नाही म्हणून माणसाला दिवाणी कैदेत टाकता येत नाही. देण्याची ऐपत असून चुकवत असेल तर गोष्ट वेगळी.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम तर प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लावावे असे आहे. कारागिराची अवजारे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, रूढीने जे उतरवता येत नाही ते बाईच्या अंगावरचे लेणे, यांवर जप्ती आणता येत नाही. मोठ्या यंत्राबद्दल वाद होतो आणि कर्जाला तारण दिलेले यंत्र सुटत नाही. पण ऐरण, घण, रंधा सुटतात. घडते काय, तर वसुलीवाला दरडावतो आणि मिस्त्री आपल्या हाताने ड्रिल मशीन त्याच्या गाडीत ठेवतो. कायद्याने जे न्यायालयालाही नेता येत नाही, ते शरमेपोटी जाते. त्याच कलमात शेतकऱ्याचे, मजुराचे आणि घरगड्याचे घर जप्तीतून सुटले आहे. दुकान चालवणाऱ्या कारागिराचा तिथे उल्लेख नाही. इथेही सातबारा आडवा आलाच.

वहीत काय आहे?

नादार ठरणे निराळे आणि देण्यातून मुक्त होणे निराळे. मुक्तीसाठी दिलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तिथे न्यायालय पहिल्यांदा वही बघते. मागच्या तीन वर्षांचे धंद्याला साजेसे हिशेब नसतील, तर पूर्ण मुक्ती नाकारता येते. मालमत्तेतून रुपयामागे पन्नास पैसेही निघत नसतील तरीही, पण ते आपल्या दोषाने नव्हे हे पटवून देता येते. दुष्काळ, टाळेबंदी ही कारणे इथेच कामी यावीत. पटवायचे कशाने? आमच्या मिस्त्रीची उधारी शेडच्या पत्र्यावर खडूने लिहिलेली असते.

बुडायच्या आधी केलेली घाईही अंगाशी येते. घर बायकोच्या नावावर करून ठेवले आणि दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. शेठला टाळून पाहुण्याचे आधी फेडले, तर तेही तपासले जाते. सरकारी देणे मुक्तीनंतरही उरते. आणि चेक वटला नाही म्हणून चालणारा फौजदारी खटला नादारीच्या अर्जाने आपोआप थांबत नाही. कोरे चेक सही करून देण्याची रीत गावोगाव आहे, म्हणून हे सांगायचे.

सगळ्यात अवघड जागा जामीनदाराची. मिस्त्री सुटला तरी त्याला जामीन राहिलेला सुटत नाही, असे कायदा स्पष्ट म्हणतो. पतसंस्थेच्या कागदावर सही असते मेहुण्याची, नाहीतर शेजारच्या मास्तरांची. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की मास्तरांच्या पगाराला कात्री लागते. मिस्त्री रात्री गाव सोडतो तो सावकाराला भिऊन, असे लोक समजतात. पुष्कळदा तो मास्तरांना तोंड दाखवता येत नाही म्हणून गेलेला असतो.

आधी कुठे जावे

न्यायालयाची पायरी चढण्याआधी दोन दारे आहेत. विनापरवाना सावकारी असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते. सावकारीत बळकावलेली स्थावर मालमत्ता परत मिळवण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. दुसरे दार तालुका विधी सेवा समितीचे. ती तालुक्याच्या कोर्टातच असते. बाईमाणसाला आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असणाऱ्याला तिथे वकील फुकट मिळतो, आणि लोकअदालतीत बँकेशी, पतसंस्थेशी तडजोड होऊ शकते. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्याला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दारात उभ्या असलेल्याला तो ऐकवायला हरकत नाही.

जाताना सोबत न्यायचे ते एवढेच: आलेल्या सगळ्या नोटिसा, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या, कोणाला कोणते चेक दिले त्यांचे नंबर, आणि उधारीची वही. पत्र्यावरचा खडू पावसात पुसायच्या आत ती बाकी वहीत उतरवून घ्यावी. कुणाची, किती, कोणत्या कामाची, आणि शक्यतो समोर शेतकऱ्याची सही. "मिस्त्री, आता सही कशाला, आपलं काय आजचं आहे का?" असे तो म्हणेल. तरी वही पुढे करावी.