दोन ठोक्यांमधली विश्रांती

“आता वय झालं, जिना चढताना दम लागायचाच.” हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी असते. कधी ते खरेही असते. पण कधी कधी दम लागणे हा हृदयाने पाठवलेला निरोप असतो, आणि तो वयाच्या नावावर टाकल्यामुळे उपचाराचे महिने फुकट जातात. हा निरोप ओळखायचा तर हृदय काम कसे करते ते थोडे समजून घेऊ या.

हृदय आपल्या मुठीएवढे असते आणि त्याचे वजन सुमारे 300 ग्रॅम भरते. त्यात चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना शाळेत आपण कर्णिका म्हणत असू, खालच्या दोन कप्प्यांना जवनिका. शरीरभर फिरून आलेले रक्त उजवी बाजू गोळा करते आणि फुप्फुसांकडे धाडते. तिथे प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूला येते. डावी जवनिका ते जोराने पुढे ढकलते आणि डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत पोहोचवते. रक्त मागे फिरू नये म्हणून चार झडपा असतात. डॉक्टर छातीला नळी लावून ‘लब-डब’ असा जो आवाज ऐकतात, तो या झडपा मिटण्याचा.

एका ठोक्यात साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडते, म्हणजे मिनिटाला सुमारे 5 लिटर. दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात. वयाच्या 80 व्या वर्षापर्यंत त्यांची संख्या 300 कोटींच्या घरात जाते. एवढे काम करणारा हा स्नायू थकत कसा नाही?

आपल्या वाडवडिलांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत. सहा दिवस तेलाचा घाणा चाले आणि शब्बाथला बैलांसकट सारे घर विसावा घेई. हृदयाला आठवड्यातून एक दिवस सुटी घेता येत नाही, म्हणून ते प्रत्येक ठोक्यानंतर विसावते. मिनिटाला 75 ठोके पडत असतील तर एका ठोक्याच्या वाट्याला 0.8 सेकंद येतात. त्यातले सुमारे 0.3 सेकंद हृदय आकुंचन पावते आणि 0.5 सेकंद सैल पडते. हिशेब केला तर दिवसाच्या 24 तासांपैकी जवळजवळ 15 तास ते विश्रांतीत असते.

मात्र ही विश्रांती रिकामी नसते. याच वेळात जवनिका पुढच्या ठोक्यासाठी रक्ताने भरतात आणि याच वेळात हृदय स्वतः जेवते. त्याच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वेगळ्या रक्तवाहिन्या असतात. डावी जवनिका घट्ट आवळलेली असताना तिच्या आतल्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात. ती सैल पडली की त्यांतून रक्त नीट वाहते. म्हणून नाडी फार वेगाने चालली की कपात होते ती मुख्यतः विश्रांतीत. मिनिटाला 120 ठोके झाले तर एका ठोक्याला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. भरायला वेळ कमी आणि जेवायलाही वेळ कमी.

आता वयाकडे येऊ. वर्षानुवर्षे रक्तदाब वाढलेला असेल तर डाव्या जवनिकेची भिंत जाड आणि ताठर होते. पिळायची ताकद शाबूत असते, पण सैल पडणे जमत नाही. मग ती पुरेशी भरत नाही, रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसांवर दाब येतो. अशा वेळी माणसाला चालताना दम लागतो. रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडतो आणि एकाऐवजी दोन-तीन उशा लागतात. संध्याकाळी घोटे सुजतात, मोज्याची खूण उमटते. यांतले काही नव्याने सुरू झाले असेल तर ते वयावर न ढकलता कुपत खोलीममधल्या आपल्या डॉक्टरांना सांगा. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत ते 2 किलोने वाढले तर ती चरबी नव्हे, बहुधा साठलेले पाणी असते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

नाडी पाहायलाही शिका. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून 30 सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. शांत बसलेले असताना ते साधारण 60 ते 100 असावेत. ठोके वेडेवाकडे, तालाबाहेर पडत असतील तर तपासणी करून घ्या. तशा हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. गुठळी टाळण्याची औषधे उपलब्ध आहेत.

हृदयविकाराचा झटका मात्र थांबायला वेळ देत नाही. हृदयाला पोसणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की पुढचा स्नायू मरू लागतो. वाहिनी जितकी लवकर उघडावी, तितका स्नायू वाचतो. इथे ज्याला ‘त्सिंतूर’ म्हणतात, तो त्यासाठीच करतात. छातीत दाबल्यासारखे दुखणे आणि ते हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे ही ओळखीची लक्षणे. परंतु म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेह असलेल्यांत छाती दुखेलच असे नाही. अचानक दम लागणे, दरदरून घाम, मळमळ, हातपाय गळून जाणे एवढेच होऊ शकते. “गॅस झाला असेल” म्हणून ओवा चावत बसू नका. मागेन दाविद आदोमला 101 वर फोन करा. मुलगा कामावरून येईपर्यंत थांबू नका, स्वतः गाडी चालवू नका. दाराची कडी काढून ठेवा. घरचा पत्ता आणि चालू औषधांची यादी फोनजवळ कायम असू द्या.

शब्बाथ आहे म्हणून फोन करायला कचरणारी मंडळी आपल्यात आहेत. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, हे शब्बाथच्या नियमांहून वरचढ आहे. इथे वाट पाहण्यात पुण्य नाही.

बाकी काळजी रोजची आहे. रक्तदाबाची गोळी “आज बरं वाटतंय” म्हणून सोडू नये. दिवसाचे मीठ सगळे मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी असावे. पापड, लोणचे, ऑलिव्ह, खारट चीज आणि सूपची पावडर यांतले मीठही त्यातच धरायचे. कोशेर करताना मांसाला मीठ लागलेलेच असते, तेव्हा रस्स्यात हात आखडता घ्यावा. योम किप्पूरचा उपास करायचा असेल तर, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास, काही दिवस आधीच डॉक्टरांना विचारावे.

पुढच्या वेळी जिन्यावर दम लागला तर मागच्या वर्षी इथेच लागत होता का, हे आठवून पाहा. लागत नसेल तर लवकरात लवकर डॉक्टरांची वेळ घ्या.