नकाशातली फट की शिवारातली पांदण?

शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद हवा आणि त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात हवी, असा शासन निर्णय मे 2025 मध्ये निघाला. तेव्हापासून नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातल्या संत्रा बागायतदारांच्या तोंडी पांदणीचाच, म्हणजे शेतवाटेचाच, विषय आहे. अतिक्रमणावर, तहसीलदारांच्या नोटिसांवर भरपूर लिहून झाले. पांदण संगणकातही बुजू शकते, याकडे मात्र कुणाचे लक्ष नाही.

गावनकाशा स्कॅन होतो आणि ऑपरेटर पडद्यावर एकेक खसरा, म्हणजे शेताचा तुकडा, गिरवतो. दोन शेतांमधला धुरा एकच, पण तो गिरवला जातो दोनदा. माउस एकदा अलीकडे सरकतो, एकदा पलीकडे. मग कुठे दोन शेते एकमेकांवर चढतात, तर कुठे मध्ये लांबट, चिंचोळी फट उरते. संगणकावर नकाशे करणारे जीआयएसवाले तिला 'स्लिव्हर' म्हणतात. जुना कागद आकसलेला असला, शेजारच्या गावाची शीट जुळत नसली, की अशा फटी आणखी वाढतात.

त्यावर उपायही आहेत. रेषा आधीच्या रेषेला आपोआप चिकटावी म्हणून 'स्नॅपिंग' असते. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'टॉपॉलॉजी चेकर' राहिलेल्या फटी दाखवतो आणि 'एलिमिनेट' नको असलेला तुकडा शेजाऱ्यात मिसळून टाकतो. कोणत्या शेजाऱ्यात? पर्याय तीन: सर्वांत मोठ्या क्षेत्राचा, सर्वांत लहान क्षेत्राचा किंवा ज्याची सामाईक हद्द सर्वांत लांब तो. पहिला पर्याय निवडला, तर नकाशात जमीन ज्याचे शेत मोठे त्याच्याकडे जाते. निवाडा एका क्लिकचा. ना नोटीस, ना सुनावणी.

खरी गोम मापात आहे. इथले, म्हणजे ब्रिटिशकालीन मध्य प्रांताच्या जमीन बंदोबस्तातले, गावनकाशे एका मैलाला सोळा इंच या प्रमाणात काढले जात. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर शिवारात सुमारे चार मीटर भरतो. गिरवताना दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर हात चुकला, तर चार मीटरची फट पडते. आणि चार मीटरची खरी पांदणही नकाशावर एवढीच दिसते! रुंदी पाहून संगणकाला चूक कोणती आणि वाट कोणती, हे कळणार कसे? अशी पांदण अर्धा किलोमीटर लांब असेल, तर ती वीस आर जागा झाली. सहा बाय सहा मीटरवर लावलेली संत्र्याची पन्नासेक झाडे त्यात बसतात.

वर्धा नदीच्या काठी गुंता आणखी वाढतो. अलीकडे नागपूर जिल्हा, म्हणजे जुना मध्य प्रांत. पलीकडे अमरावती, म्हणजे मुंबई पद्धतीने मोजलेला वऱ्हाड. दोन पद्धतींचे नकाशे एकाच काठावर जुळवायचे, आणि काठही स्थिर नाही. वर्धेकाठचे मोवाड 1991 च्या महापुरात उद्ध्वस्त झाले; ते पाहिलेल्या माणसाला नदीकाठची रेघ कायमची असते, हे कुणी पटवू नये.

डिजिटल नकाशाला विरोध करण्यात अर्थ नाही. पण जमिनीच्या तुकड्याला मिळणारा चौदा अंकी भू-आधार त्याच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरच बेतलेला असतो. कोपरा चुकीचा पक्का झाला, तर चूकही पक्की होते. म्हणून मूळ शीट आणि प्रत्यक्ष शिवार पाहिल्याशिवाय एकही फट बुजवायची नाही, असा नियमच हवा. तोवर शेतकऱ्यांनी 'महाभूनकाशा' हे संकेतस्थळ उघडून आपल्या धुऱ्यालगतची पांदण दिसते का, ते पाहावे. दिसत नसेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातून मूळ नकाशाची नक्कल काढून आत्ताच लेखी हरकत द्यावी.