नांवास भ्यावें कीं मूळ शोधावें?

गव्हाची पोळी ज्यास वर्ज्य आहे अशा मुलाच्या घरीं एक चिंता नित्य वास करीत असते. पोळी, रवा, मैदा व शेवया स्वयंपाकघरांतून काढून टाकणें एक वेळ सोपें. परंतु दुकानांतील पुड्यावर बारीक अक्षरांत छापलेलीं लांबलचक नांवें व आंकडे पाहिले म्हणजे आईबाप गोंधळून जातात. हे पदार्थ मुलास द्यावे कीं न द्यावे, ह्याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम ग्लुटेन म्हणजे काय तें पाहूं. कणकेचा घट्ट गोळा पाण्याच्या बारीक धारेखालीं चोळून धुतला असतां पांढरें पिष्ट वाहून जातें आणि हातांत रबरासारखा चिवट अंश उरतो. तेंच ग्लुटेन होय. गहू, जव व राय ह्या धान्यांत तें असतें. बहुतेकांस त्यापासून अपाय होत नाहीं. परंतु ज्यांस सीलिअॅक नांवाचा विकार आहे, त्यांच्या शरीराची संरक्षक शक्तीच ग्लुटेनमुळें लहान आंतड्याच्या अस्तरावर उलटते. मग खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं. मूल रोडावतें, त्याची वाढ खुंटते, अंगांत रक्त राहत नाहीं.

हा संबंध जगासमोर आणला तो डच बालवैद्य विलेम डिके ह्यांनीं. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत महायुद्धामुळें हॉलंडांत पाव दुर्मिळ झाला. सर्वत्र उपासमार चालू असतां हा विकार असलेलीं मुलें मात्र सुधारूं लागलीं, आणि पाव पुन्हा मिळूं लागतांच तीं पुन्हा आजारी पडलीं! गव्हाचा हा दोष डिके ह्यांनीं १९५० सालीं आपल्या प्रबंधांत सप्रमाण मांडला.

आतां पुड्यावरील नांवांकडे वळूं. ४१२ ह्या आंकड्याचा ग्वार गम म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. ४१५ चा झँथन गम सूक्ष्म जंतूंच्या साह्यानें साखरेपासून करितात. ३३० म्हणजे लिंबांत असतें तेंच सायट्रिक आम्ल. ६२१ ह्या अजिनोमोटोच्या क्षारांतही ग्लुटेन नसतें. माल्टोडेक्स्ट्रिन हें नांव माल्टसारखें वाटतें खरें, पण तें पिष्टापासून होतें; तें गव्हाच्या पिष्टाचें असलें तरी त्यांतील प्रथिनें बहुतेक निघून जात असल्यामुळें युरोपीय कायद्यानें त्यास गव्हाची सूचना छापण्यापासून सूट दिली आहे. उलट, खरें माल्ट हें मोड आणलेल्या जवाचें असतें. तें वर्ज्यच समजावें. १४०० पासून पुढच्या आंकड्यांचीं संस्कारित पिष्टें मक्याचीं असूं शकतात, तशींच गव्हाचींही. तेथें मूळ धान्य कोणतें हें पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

परंतु खरा धोका पुष्कळदां ओळखीच्या नांवाआड दडलेला असतो. आपल्या फोडणींतील हिंगच घ्या. शुद्ध हिंग म्हणजे एका झाडाचा चीक. तो इतका उग्र असतो कीं बाजारांत बहुधा डिंक व पीठ मिसळूनच विकतात, आणि तें पीठ पुष्कळदां गव्हाचें असतें. म्हणजे पोळी वर्ज्य केली, पण वरणांतून गहू पोटांत गेलाच! तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. तोच पाहून घ्यावा. सोया सॉसमध्यें व सातूच्या पिठांतही बहुधा गहू असतो.

“चिमूटभरानें काय होतें?” असें कोणी म्हणेल. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटांत गेल्यानें आंतड्याच्या अस्तरास इजा होते, असें इटलींतील एका प्रयोगांत २००७ सालीं दिसून आलें. इतकें ग्लुटेन सुमारें अर्ध्या ग्रॅम कणकेंतून मिळतें! म्हणूनच आपल्या देशाच्या नियमाप्रमाणें किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असलेल्या पदार्थास ग्लुटेनमुक्त म्हणतां येत नाहीं. आणि पुडाबंद मालांत गहू किंवा जव असल्यास तसें छापावें लागतें. सुट्या मालावर मात्र कांहींच छापलेलें नसतें. म्हणून तो शक्यतों टाळावा.

पालकांस आणखी एक विनंती. मुलास हा विकार असावा असा केवळ संशय आला म्हणून वैद्यकीय तपासणीपूर्वींच गहू बंद करूं नये. तसें केल्यास रक्ताच्या तपासणींत विकार लपून राहण्याचा संभव असतो.

आणि आमच्या बालमित्रांनो, तुमच्या वर्गांतील एखादा सोबती तुमच्या डब्यांतील घास नाकारील, तेव्हां त्यास गर्विष्ठ समजूं नका व “एवढ्यानें काय होतें?” म्हणून आग्रहही करूं नका. हा विकार स्पर्शानें जडत नाहीं. त्याच्या शेजारीं बसून खुशाल जेवा. त्याचा नकार मानणें हेंच त्याच्याशीं खरें मित्रत्व होय.