तालुका शिरूर, आमदार आंबेगावचा : केंदूरच्या मतदारासाठी वळसे पाटील कोण आहेत?

सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायची असेल तर केंदूरचा शेतकरी शिरूरच्या तहसील कार्यालयात जातो. पोलिसांत तक्रार द्यायची तर शिक्रापूरला. पंचायत समितीही शिरूरचीच. मात्र विधानसभेला हेच गाव मत देतं ते आंबेगाव मतदारसंघात. त्यामुळे संत कान्हूराज पाठकांच्या या गावाचे आमदार आहेत दिलीप वळसे पाटील, आणि त्यांचं निरगुडसर हे गाव शेजारच्या आंबेगाव तालुक्यात आहे.

बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटेल. पण 2024 च्या निकालानंतर या कोड्याला राजकीय वजन आलं आहे.

हे असं झालं कसं?

2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत शिरूर तालुक्याचे तुकडे झाले. तालुक्याचा मोठा भाग हवेलीतील वाघोली, उरुळी कांचनसह शिरूर मतदारसंघात राहिला. त्यावेळची पाबळ आणि टाकळी हाजी ही महसूल मंडळं आंबेगावला जोडली गेली. तेव्हापासून 'शिरूरची 39 गावं' हा शब्दप्रयोग इथल्या राजकारणात रुळला. केंदूर त्यातलंच. एकेकाळी केंदूरचेच बापूसाहेब थिटे शिरूरचे आमदार होते, हे लक्षात घेतलं तर गावाला हा बदल किती मोठा वाटला असेल याचा अंदाज येतो.

लोकसभेला मात्र ही विभागणी राहत नाही, कारण आंबेगाव आणि शिरूर हे दोन्ही मतदारसंघ शिरूर लोकसभेतच येतात.

आठ वेळा आमदार, एकदा अध्यक्ष

वळसे पाटलांचे वडील दत्तात्रय वळसे पाटील हेही आमदार होते. दिलीप यांची राजकीय तालीम झाली ती शरद पवारांचे स्वीय सहायक म्हणून. 1990 मध्ये ते पहिल्यांदा आंबेगावमधून निवडून आले आणि 2024 पर्यंत सलग आठ निवडणुका जिंकल्या. सभागृहात आवाज चढवणाऱ्या नेत्यांपैकी ते नाहीत. नियम, फाइल आणि खात्याचा अभ्यास ही त्यांची ओळख आहे. 2009 ते 2014 या काळात ते विधानसभेचे अध्यक्ष होते.

तुमच्या घरात कुणी एमएस-सीआयटी केली असेल तर त्यांच्या एका निर्णयाशी तुमचा संबंध आलेला आहे. ते उच्च व तंत्रशिक्षण मंत्री असताना 2001 मध्ये एमकेसीएलची स्थापना झाली. 2005 मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या कंपन्या झाल्या, तेव्हा ऊर्जा खातं त्यांच्याकडे होतं. पुढे अर्थ, कामगार, उत्पादन शुल्क ही खाती आली. अनिल देशमुखांच्या राजीनाम्यानंतर एप्रिल 2021 मध्ये ते गृहमंत्री झाले.

तालुक्यातली त्यांची ताकद मात्र मंत्रालयात नाही, ती पारगावच्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्यात आहे. ऊस, कारखाना, मतदार हे पश्चिम महाराष्ट्रातलं जुनं गणित इथेही चालतं. प्रश्न एवढाच, की जिथे उसाला पाणीच नाही तिथे ते कसं चालणार?

पाण्याचा प्रश्न नेमका काय?

आंबेगावात घोड नदीवर डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलेलं आहे. हे धरण कुकडी प्रकल्पाचा भाग. डिंभ्यातून बोगदा काढून माणिकडोहमध्ये पाणी न्यायचं आणि पुढे अहिल्यानगर-सोलापूरच्या लाभक्षेत्राला द्यायचं, असा प्रस्ताव आहे. बोगदा तळाशी झाला तर आंबेगाव-शिरूरच्या वाट्याला काही उरणार नाही, असं वळसे पाटलांचं म्हणणं. जुलै 2023 मध्ये ते शरद पवारांना सोडून अजित पवारांसोबत गेले, तेव्हा त्यांनी हेही एक कारण सांगितलं. विरोधकांना ते पटलं नाही. पण पाण्याची भीती खोटी नाही, हे धरणाखालचा कुठलाही शेतकरी सांगेल.

केंदूर-पाबळ पट्ट्याची अडचण मात्र वेगळी आहे. इथे वेळ नदीवर थिटेवाडीचा बंधारा आहे, पण नदीच पावसावर जगते. म्हणून या गावांची मागणी आहे खेड तालुक्यातल्या कळमोडी धरणाच्या पाण्याची. धरण लहान, साठा सुमारे दीड टीएमसी. त्यावर खेडचा पश्चिम भाग आणि आंबेगावचं सातगाव पठारही हक्क सांगतं.

दुसरी गोष्ट उंचीची. कालव्याचं पाणी उताराने वाहतं, चढावर न्यायचं तर पंप लागतात. पंप आले की वीजबिल आलं. टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांत बिलाचा 81 टक्के भार सरकार आणि 19 टक्के शेतकरी असं सूत्र राज्याने स्वीकारलं आहे. म्हणजे वाट आहे, पण ती मंत्रिमंडळाच्या दारातून जाते.

आमदाराच्या हातात काय असतं? वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी, ज्यात रस्ता, सभामंडप, शाळाखोली होते, उपसा योजना होत नाही. कालवा सल्लागार समितीत जागा, जिथे आवर्तन कधी आणि किती हे ठरतं. आणि विधानसभेत प्रश्न विचारण्याचा हक्क. पस्तीस वर्षांचा अनुभव आणि अर्थ, ऊर्जा खाती सांभाळलेला माणूस असताना कळमोडी अजून का आलं नाही, हा इथला सवाल म्हणूनच बोचरा आहे.

1,523 मतं

2019 मध्ये वळसे पाटील 66 हजारांहून अधिक मतांनी जिंकले होते. 2024 मध्ये समोर होते देवदत्त निकम, भीमाशंकर कारखान्याचे माजी अध्यक्ष आणि एकेकाळचे त्यांचेच विश्वासू. मताधिक्य उरलं फक्त 1,523. निकम यांच्याच नावाशी साधर्म्य असलेल्या आणि ट्रम्पेट चिन्हावर लढलेल्या एका अपक्षाला त्याहून जास्त मतं पडली. पक्षफुटीचा यात वाटा होताच, सगळा हिशोब पाण्यावर लावणं घाईचं ठरेल. पण एवढ्या कमी फरकात शेजारच्या तालुक्यातल्या 39 गावांकडे 'जोडलेली' म्हणून बघणं कुणालाच परवडणारं नाही. त्यातली मोजकी गावं फिरली असती तरी निकाल फिरला असता.

डिसेंबर 2024 च्या मंत्रिमंडळात वळसे पाटलांना स्थान मिळालं नाही. म्हणजे कळमोडीची फाइल हलवायची तर ती आता आमदार म्हणूनच हलवावी लागेल. मतदारसंघांची पुढची पुनर्रचना घटनेनुसार 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकड्यांवर व्हायची आहे. तोवर केंदूरची फेरफार नोंद शिरूरला आणि मत आंबेगावला.